बसू

गणपत गल्लीतल्या पोरानं सुई थांबवली,
"कुठल्या अक्षरात?"

भरतीचं वय टळलेलं,
सहा महिने रक्त देता येणार नाही,
आई दोन दिवस तोंड फिरवील,
एवढं सगळं मोजून आलेलो.
अक्षराचं ध्यानातच नव्हतं.

तो लिहायचा तसं, म्हणालो.
म्हणजे कानडीत.
मला बोलता येतं, वाचता येत नाही.
खानापूर स्टँडवर पाट्या तोच वाचायचा,
ही नंदगड, ती हल्याळ,
आणि एकदा मुद्दाम चुकीची.
अळणावरला उतरलो दोघं, खिशात आठ रुपये.

पोरानं काय कोरलं कोण जाणे.
खपली धरली, खाजली, गळाली.
आई तिसऱ्या दिवशी जेवली,
बोलली नाही.

मग कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता वाचलं,
"बसू? यार इवा?"
भर गाडीत, मोठ्यानं.
दीड वर्षानं कुणी त्याला हाक मारली.

तेव्हापासून बाही दुमडूनच असतो.
उद्यमबागच्या गेटवर वॉचमन वाचतो,
बँकेत कॅशियर बाई वाचते,
ओ मी देतो.

परवा स्टँडच्या मोठ्या पाटीखाली
मनगट वर धरून पाहिलं.
पहिली दोन अक्षरं तीच,
दुसऱ्याचं शेपूट तेवढं वेगळं.
बस, असणार.
पुढचं काही येईना.
शेजारी पिशवी घेतलेली म्हातारी, म्हणाली,
"काय लिहिलंय रे तिथं, बाळा?"
म्हटलं, पहिलंच येतंय, आज्जी.
तेही अर्धं.