पाचशे किलोमीटर

गाडी आली तेव्हा काट्यावर अकरा किलोमीटर होते.
रेफिकने ते मला दोनदा दाखवले,
बाळाच्या पायाची बोटं मोजून दाखवावीत तसे.
आजवरच्या आमच्या सगळ्या गाड्या
जर्मनीत म्हाताऱ्या होऊन आलेल्या,
सीटवर कुणा अनोळखी पाठीचा खळगा घेऊन.
हिच्या सीटवर अजून प्लास्टिक होतं
आणि ते काढायला त्याचा हात धजत नव्हता.

व्रांदुकच्या चढावर मला वास आला.
जळका.
आमच्या झेनित्सात जळका वास आला
की माणसं आधी घरातली डोकी मोजतात,
मग खिडकी उघडतात. माझ्या वयाची तरी.
मी म्हटलं, थांबव.
बॉनेट उघडलं. आत सगळं कोरं, निरागस,
शाळेच्या पहिल्या दिवशी भांग पाडून बसलेलं.
"कुठे आहे? दाखव," रेफिक म्हणाला.
वास बोटाने कसा दाखवायचा?
एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेलं त्याचं नाक
आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं.

सर्व्हिसमधला पोरगा, नेर्मिन, हसला.
"काकू, नवी शेगडी पहिल्यांदा पेटवली
की कशी घाण सुटते? तसंच हे.
कारखान्यात लोखंडाला तेल फासतात, मेण फासतात,
गंजू नये म्हणून. ते जळतंय.
पाचशे किलोमीटर चालवा,
काचा खाली ठेवा, जाईल."

तेव्हापासून रेफिक रोज विचारी: आहे?
आहे.
कसा आहे?
मी सांगत गेले. उतू गेलेलं दूध? नाही.
नायलॉनवर विसरलेली इस्त्री? थोडी.
कोंबडी सोलून झाल्यावर उरलेली पिसं भाजतात, ते?
नाही, नाही.
तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत राही,
रेडिओवर लांबच्या देशाचं हवामान ऐकावं तसा.

आणि मग काकान्यच्या वळणावर,
काही न ठरवता तोंडातून निघालं:
तुझा निळा डगला.
शुक्रवारी रात्री बादलीत भिजत घातलेला.

पुढची दोन गावं तो बोलला नाही.
"एवढा यायचा?"
यायचा. उशीला यायचा. पावाला यायचा.
अमराला उचलून घेतलंस की तिच्या केसांना.
"कधी बोलली नाहीस."
मला वाटलं, तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून तो पाव आणायला पायी जाऊ लागला.
मशिदीत पायी, दातांच्या डॉक्टरकडेही पायी,
गाल धरून.
काटा चारशे अठ्ठ्याऐंशीवर,
गाडी आलुबुखाराच्या झाडाखाली,
टपावर फुटलेली फळं आणि गांधीलमाशा.
शेजारच्या शेफिकाने विचारलं, बिघडली का?
"नाही," रेफिक म्हणाला, "पुरवून वापरतोय."

ज्याला येतच नाही, तो वास
तो पुरवून वापरत होता,
युद्धातल्या हिवाळ्यात आम्ही साखर पुरवली तसा.
मी हसले.
मग रात्री कचरा टाकायला गेले
आणि बॉनेटला नाक लावून उभी राहिले.
थंड पत्रा. बाकी काही नाही.
चालवल्याशिवाय येत नाही तो.

आज अमरा आली, लिंत्सहून.
विमानतळ सत्तर किलोमीटर,
तिला काय चालत आणणार?
परतताना मी मागे, काच खाली.
बोगदा, नदी, पुन्हा बोगदा.
अमरा बोलत होती: भाडं, साहेब, दुखरा गुडघा.
पाचशे ऐंशी. सहाशे.
मी नाक पुढे करून बसलेली.
कापलेलं गवत आलं. शेण आलं.
कुणाच्या तरी अंगणात लाल मिरच्या भाजत होत्या,
तेव्हा क्षणभर वाटलं...
पण त्या मिरच्याच होत्या.

आरशातून रेफिकने माझ्याकडे पाहिलं.

मी काच वर केली.