पट्टीखाली

नळीत दिवा घातला: आटे स्वच्छ.
नंबर सगळीकडे तोच. गंज नाही.
दस्ता तेवढा खालून खरवडलेला;
बुटांचा बर्फ झाडायला कुणीतरी वर्षानुवर्षं
टाचा आपटल्यात त्यावर.

बिलिंग्जच्या बाजारात ऑर्विल टेश
दोन स्क्रू काढतो. पोलादी पट्टीखाली
घडीचा कागद, तेलानं पिवळा:
काडुफ, गियान. इलान्त्स. जन्म १९१४.

त्या गावात युद्ध आलंच नाही.
नेमाच्या माशीवर हिनं
पुठ्ठ्याखेरीज काही पाहिलं नसेल,
म्हणून भाव जरा कमीच.
चिठ्ठीचे मात्र चाळीस डॉलर जास्त.

गिऱ्हाईक वाकून विचारतं, कितीला?
ऑर्विल कागद होता त्याच घडीवर मिटतो,
स्क्रू आवळतो, अर्धा फेरा जास्तच.

"नाही जमायची," म्हणतो.
"नंबर जुळत नाहीत."