हरभऱ्याच्या डाळीएवढा

गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरं. कीथली.
लिहिताना मधे असलेली अक्षरं म्हणताना कुठे जातात,
पहिल्याच हिवाळ्यात विचारलं होतं मी.
नॉरिस मर्गट्रॉइड म्हणाला,
कुणीतरी कानस मारली असणार.

तेव्हापासून दर गुरुवारी त्याच्या परसातली शेड,
रॉकेलची शेगडी, दुधाचा घट्ट चहा,
आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं
पाच इंची रुळांचं इंजिन,
अकरा वर्षं झाली, अजून बिनबॉयलरचं.

आज माझ्या वाट्याला डाय.
बाकदार खाचेत वरखाली सरकणारा,
गनमेटलचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.
खाली असला तर इंजिन पुढे,
वर असला तर मागे,
मधोमध राहिला तर
कितीही वाफ कोंडा, जागचं हलत नाही.
हे सांगताना नॉरिस माझ्याकडे बघत नाही.
मीही ब्रशने कानशीचे दात साफ करत बसते.

इचलकरंजीला अण्णांचं एकच लेथ होतं, पट्ट्यावरचं.
मागांचे मोडके भाग गोणपाटातून यायचे.
मी डबा घेऊन जायचे, आणि उंबऱ्याबाहेरून द्यायचे:
वेणी अडकेल, ओढणी अडकेल.
अण्णा सुतात मोजायचे. दोन सूत, अडीच सूत,
आणि सुताच्या खाली सगळंच 'केसभर'.

इथे थाऊ.
एकदा स्वतःचाच केस मायक्रोमीटरमध्ये धरला,
पिकलेला. तीन थाऊ भरला.
एवढ्यासाठी?
पण अण्णांचं खोटं नव्हतं.
त्यांच्याच उजव्या हाताला करंगळी नव्हती.

निळं लावायचं. खाचेत घालून बघायचं.
जिथे निळं पुसलं गेलं तिथे, तिथेच,
कानस एकदा. पुन्हा निळं.
बोटं निळी, कप निळा, नाकाचा शेंडासुद्धा.
सव्वातीनला तो बसला.
बसला म्हणजे सरकला,
आपल्याच वजनाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
तेलात, न बोलता.
आणि मी तो नॉरिसला दाखवायला चिमट्यात धरला,
तर उडाला.

नॉरिसने लोहचुंबक उचलला, आणि परत ठेवला.
गनमेटल कुणाच्या ओढीला भुलत नाही.
मग त्र्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर आला,
टॉर्च फरशीला आडवा लावून.
सापडलं बरंच काही: पितळी किसाचे केसाळ गुंते,
दोन चेंडूएवढे कोळी,
एक स्प्रिंग, जिच्यासाठी त्याने
मेव्हण्याला वीस वर्षं चोर ठरवलं होतं,
आणि हिल्डाच्या कोटाचं बटण.
बटण त्याने फुंकलं, अंगठ्याने पुसलं, खिशात टाकलं.
मी शेगडीची वात उगाच वरखाली केली.

हरवलेला भाग शोधायची खात्रीची रीत, तो उठता उठता म्हणाला,
दुसरा करायला घ्यायची.

म्हणून घेतला. खाली दरीतल्या रुळांवर
खऱ्या इंजिनाने शिटी दिली, ती दोघांनीही ऐकली,
कुणीच वेळ विचारली नाही.
साडेसहाला दुसरा बसला.
पहिल्याइतका नाही.
दीड थाऊ सैल, मला कळत होतं, नॉरिसलाही.
'चालेल,' तो म्हणाला. यॉर्कशरमधे
याच्यावरचं कौतुक मी अजून ऐकलेलं नाही.

घरी आले. बाह्या मागे सारून तांदूळ धुवायला घेतले,
आणि स्वेटरच्या दुमडीतून
भांड्यात टण्ण.

पाण्याच्या तळाशी, तांदळांत,
पिवळा, निर्लज्ज, तंतोतंत.

ओट्यावर फडक्यात ठेवलाय.
फोन हातात घेतला, खाली ठेवला.
गुरुवारी जुना बसवायचा म्हटलं
तर सगळं पुन्हा उघडावं लागेल.
भात मात्र आज जरा मऊच झाला,
बघत बसले ना त्याच्याकडे.