बाकी चाळीस

दारावरच्या पाटीवर अजून दोन नावं आहेत.
हेल्मी. पावो.
पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं,
पावो म्हणजे 'देव पावो'मधला ना?
मग टिकेल, म्हणाला, आणि दहा रुपये जास्त घेतले.

मला माझगावात हेमाबाई म्हणतात.
सुरुवात मंजुळा कोळणीनं केली, बोंबिलांचे वाटे लावता लावता.
पहिलं वर्षभर मी दुरुस्त करायचे.
आता कुणी हेल्मी म्हटलं
तर मीच मागे वळून बघेन, कोण ती.

त्या आठवड्यात तिनं पैसे घेतले नाहीत.
पुढच्या आठवड्यात घेतले,
सुट्ट्यांवरून भांडलीसुद्धा, टोपली आपटून.
घरी येऊन मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पेपरात आलं होतं, शहर दुसऱ्या दिवशी उभं राहिलं.
मीही उभी होते,
हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, रांगेत,
हातात त्याचा पासपोर्ट.
कारकुनानं विचारलं, मधलं नाव?
नाही म्हटलं.
असं कसं, म्हणाला, वडिलांचं सांगा.
तीस वर्षांत सासऱ्यांचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं.
पावो एर्की लेहतिनेन,
त्यानं देवनागरीत लिहिलं, सावकाश,
वेलांट्या नीट देत,
आणि मागच्या माणसाला म्हणाला, थांबा जरा.

पिशवीत घड्याळ, किल्ल्या,
आणि एक गुलाबी पावती.
सामंत चष्मेवाले. दांडी बदलणे.
आगाऊ साठ. बाकी चाळीस.

म्हणजे तो चष्मा देऊन बाहेर पडला होता.
चष्म्याशिवाय त्याला दहा फुटांपलीकडे नुसतं धुकं.
म्हणजे त्याला काही दिसलं नसेल.
हे मी स्वतःला सांगते.
मग रात्री सांगते,
म्हणूनच दिसलं नसेल.
दोन्ही वाक्यं व्याकरणानं बरोबर आहेत,
शिकवणीच्या बाई दोन्हींवर बरोबरची खूण करतील.

ओउलूहून बहीण फोन करते. घरी कधी येतेस?
मी गॅस बारीक करते.
तिकडे तीनला अंधार पडलाय,
इकडे खालच्या गॅरेजमधला शंभू
कुणाचा तरी हॉर्न दुरुस्त करतोय,
वाजवून बघतोय, परत वाजवून बघतोय.
काय वाजतंय गं, ती विचारते.
मला सांगता येत नाही
की मी काही वेळापासून त्याचीच वाट बघत होते,
एकदा नीट वाजू दे म्हणून.

पावती आठ महिने डब्यात होती, हळदीच्या शेजारी.
परवा गेले.
गल्लीच्या तोंडाशी आता एक हवालदार बसतो.
पर्स उघडा.
उघडली. रुमाल, गोळ्या, पावती.
त्यानं पावती वाचली, मला जायला सांगितलं.

सामंतांना वाटलं असेल, ही कधीच येणार नाही.
पण चष्मा खणात होता, कागदात, वर नाव: फॉरेनर.
खोडून खाली: पावोसाहेब.
मला भीती होती, राहू द्या म्हणतील.
त्यांनी चाळीस रुपये मोजून घेतले.
पावतीवर शिक्का मारला. पोचले.
मग चष्म्याची काच पुसली, उजेडात धरली,
परत पुसली,
आणि बराच वेळ पुसतच राहिले.

बाहेर आल्यावर मी तो घातला.
सगळं एकदम लहान झालं, लांब गेलं,
लिंबूवाला, सायकली, कावळे,
माझी स्वतःची चप्पल.
एक पोरगा ओरडला, आंटी, गटार!

दूधवाला अजून दोन पिशव्या टाकतो.
'उद्यापासून एकच' हे वाक्य तयार आहे माझ्याकडे,
विभक्तीसकट.
उद्या सांगीन.
तोवर दुसऱ्या पिशवीचं दही लावते.
आमच्या गावी लागायला दोन दिवस लागायचे, चुलीजवळ ठेवून.
इथल्या हवेत रात्रीत लागतं,
कधी कधी जास्तच आंबट.