कानाला खडा

महाप्याच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
चोवीस डब्या आल्यात दक्षिण ध्रुवाकडून.
प्रत्येकीत एक खडा, तांदळाच्या कणीएवढा.
माशाच्या कानातला.
बाकीचा मासा तिकडेच राहिला, बर्फाखाली.

आपण चुकलो की कानाला खडा लावतो.
यांच्या तो कानातच असतो
अंड्यातून बाहेर पडायच्याही आधीपासून,
आणि त्यावर पापुद्र्यामागून पापुद्रा चढत जातो
त्या त्या दिवसाचं पाणी धरून.

मी तो राळेत बसवते, घासते, मध्य दिसेपर्यंत.
जास्त घासला तर जन्मच पुसला जातो.
दोन खडे वाया घालवून शिकले हे.
मग लेझर: मध्यापासून कडेपर्यंत
केसाहून बारीक रेघ,
आणि पडद्यावर स्ट्रॉन्शियम, बेरियम, मँगनीज
वरखाली होत राहतात.

दिसायला सगळे एकाच आईचे.
मोजपट्टीला फरक सापडत नाही,
सापडतो तो मध्यात.
काही जन्मले बर्फाच्या कपारीशी,
काही खोलातून वर येणाऱ्या पाण्यात,
जिथे बेरियम चढतं.
आलेखावर दोन ढीग पडतात.
दोन गावं म्हणा.

दिवाळ्याच्या बंदरावर रेवूआत्या
घोळीचं डोकं फोडते तेव्हा
असाच खडा निघतो, चिंचोक्याएवढा.
पुसून चुन्याच्या डबीत टाकते.
उगाळून प्यायला की मुतखडा पडतो म्हणे.
मी सांगितलं, आत्या, मासा कुठला
ते यात लिहिलेलं असतं.
"कुठचा म्हंजे? माजे जाल्यानचा."

आम्ही कुठले ते लिहिलेला
घरात एकच कागद,
साडेबारा टक्क्यांचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
त्यावर पणजोबांच्या नावात एक काना जास्त.
तेवढा खोडायला
बाबा सात वर्षं सिडकोचे जिने चढले.

खडा सतरा कुठल्याच ढिगात बसत नाही.
मध्य एका गावचा,
पुढची तीन वर्षं दुसऱ्या,
आणि कड अशी, की आमच्या तक्त्यात
त्या पाण्याला नावच नाही.
अंबर्डेकर सर म्हणाले,
वगळू या का? गोंधळ करतो.

मी काही बोलले नाही.
साडेआठपर्यंत थांबले, मशीन पुन्हा लावलं,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.
तीच रेघ.
नोंदवहीत लिहिलं:
सतरा. तिन्ही वेळा तेच. वगळलेला नाही.
खाली सही केली, पूर्ण नावाची,
प्रत्येक काना तपासून.

रविवारी आत्याकडून एक खडा मागून आणला.
रिकामी डबी घेतली, लेबल चिकटवलं.
ठिकाण: दिवाळे, असं लिहिलं,
मग खोडलं.
घोळ काय दिवाळ्याची?
ती तर बाहेरच्या दर्यातून आलेली,
त्याआधी कुठून, कोण जाणे.

अजून घासायला घेतला नाही.
डबीवर सध्या एवढंच आहे:
आत्याकडून.