तपकिरी स्वेटर

मंगळवारच्या वर्गात सेमिनरीतून आलेला तरुण म्हणाला,
ही पत्रं प्रेषिताची नव्हेत.
शब्द वेगळे, वाक्यांची चाल वेगळी.
तो गेल्यावर कुणीतरी लिहिली, त्याचं नाव घालून.
गुरुवार पेठेतल्या त्या हॉलमध्ये
पंखा तेवढा बोलत राहिला.
मग उजागरे मास्तर उठले : म्हणजे खोटी?
आणि सगळे एकदम.
मी कपबश्या गोळा केल्या.

बारा वर्षं मी भांबळ पाळकांची पत्रं लिहिली.
आधी ते सांगत, मी लिहायचे.
मग झटक्यानं उजवा हात नेला, अर्धी जीभ नेली;
ते नुसते बघत, मी लिहायचे.
दौंड, शिरूर, मंचर.
प्रियांनो, भांडू नका. प्रियांनो, विहिरीचा हिशेब मांडा.
सहीही माझीच; ‘भ’ची गाठ
त्यांच्यासारखी घाईत मारलेली.
सिटी पोस्टातून परतताना
कुणी रेबेका म्हणून हाक मारली
तर ओ द्यायची राहून जाई.

माझे पणजोबा बाप्तिस्म्याआधी अभंग रचायचे,
शेवटी ‘म्हणे’च्या अलीकडे दुसऱ्याच कुणाचं नाव.
शेजारच्या चुलीतून विस्तव आणावा
तसं आणलेलं.
त्याला घरात कुणी चोरी म्हटलं नाही.

पण पाळक गेले सप्टेंबरात,
आणि दौंडचं भांडण मिटायचं होतं.
एक पत्र मी त्यानंतर पाठवलं,
मागची तारीख घालून.
खरं वाटावं म्हणून (पाप असेल तर ते इथे)
खाली एक ओळ जोडली :
माझा तपकिरी स्वेटर तुमच्याकडे राहिलाय,
थंडीआधी पाठवा.

पाळकांनी जन्मात स्वेटर घातला नाही. शाल असायची.
ओळ सुचली कुठून, तेही सांगते :
तरुण ज्यांना खोटी म्हणाला
त्यातल्याच एका पत्रात म्हातारा झगा मागवतो,
हिवाळा लागायच्या आत.
इतकी थंडी उगाच कोण लिहील, असं मला वाटायचं.

नोव्हेंबरात पार्सल आलं.
सुतळी, दौंडचा शिक्का, आत चिठ्ठी :
पत्र उशिरा पोचलं. विहिरीचं मिटलं.
स्वेटर सापडला.
तपकिरी. कोपरावर झिजलेला.
कॉलरच्या आतली नावाची पट्टी
कुणीतरी जपून उसवलेली.

तरुण सांगत होता, आशियातला एक वडील पकडला गेला होता.
प्रेषितावरच्या प्रेमापोटी लिहिलं, म्हणाला.
पद काढून घेतलं.
त्याचं नाव काय हो, मी ट्रे धरून विचारलं.
तरुणानं वही चाळली.
नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, बाई.

निघताना दारात गार वारा होता.
छान आहे स्वेटर, तो म्हणाला. तुम्हीच विणला?
बाह्या मला चार बोटं लांब आहेत.
त्या मुडपत मी म्हटलं,
नाही. पाळकांचा.