शेवटची बादली

बिटोममध्ये उणे अकरा.
गेर्ट्रूडा तळघरातून कोळसा वर आणते,
दर चौथ्या पायरीवर थांबते.

एका खड्यावर नेच्याचं पान,
शिरान् शिर शाबूत.

आलोइझ असाच एखादा तुकडा
डब्याच्या फडक्यात गुंडाळून आणायचा :
“बघ, तेव्हा फूल नव्हतं, पाखरू नव्हतं.
आपलं कुणीतरी, ओलं, चार पायांचं,
याच्याच सावलीत दडलं असेल.”
मग त्याच्या छातीत
तेच रान साचत गेलं,
काळं, खोकल्याखोकल्यानं.

ती पान खिडकीत ठेवते,
बंद घड्याळाशेजारी.
बाकीचे सगळे शेगडीत.
त्यांच्यावर काही उमटलेलं नाही
एवढाच त्यांचा गुन्हा.

पहाटे राख गार.
ती खिडकीकडे बघते,
बोटं चोळते,
पुन्हा बघते.